साखळीची दोन घरं

वहिनींच्या सुनेला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. छोट्या भट्ट्यांना परवाना कधी मिळाला असं खोऱ्यात कुणालाही विचारा, सालाचा आकडा कुणी सांगणार नाही. "जुळ्यांच्या वर्षी," एवढंच म्हणतील. घरात दोन बाळं एका सुरात रडत होती, अंगणात दोरीभर दुपटी वाळत होती आणि मोरीशेजारी घंगाळात जव भिजत पडले होते. त्यातून वाट काढत वहिनी चालायच्या तेव्हा एका हातात नातू असायचा आणि दुसऱ्या हातात बिअर ढवळायचा लांब लाकडी डाव. "नातवाने ढवळू नका म्हणजे झालं," असं सून म्हणायची.

वहिनी म्हणजे साऱ्या खोऱ्याच्या वहिनी. पाववाला, वेल्डर, शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, सगळे त्यांना वहिनीच म्हणत. ज्याने म्हणायचं तो सख्खा धाकटा दीर मात्र एक गल्ली सोडून राहायचा आणि वर्षानुवर्षं त्याने ती हाक मारली नव्हती. मारली असती तरी वहिनींनी ओ दिली नसती.

खोऱ्यात बिअर घरोघर व्हायची. थंडीची चाहूल लागली की जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. मग गरम पाण्यात मुरवून गोड काढा काढायचा, कडू फुलं टाकून उकळायचा, आणि निवला की विरजण घालायचं. दुधाला लागतं तसं बिअरलाही विरजण लागतं. घरात प्यायला कुणाची ना नव्हती, पण विकायची चोरी. ज्याच्या टाक्या घराएवढ्या त्यानेच विकावी, असा कायदा होता, आणि तसल्या टाक्या फक्त नदीपलीकडच्या मोठ्या कंपनीकडे होत्या. त्यामुळे खोऱ्यातली पोरं हातात कसब असून कंपनीच्या फाटकावर बाटल्यांची खोकी उचलायला जायची. म्हणजे घरात विहीर आणि शेजारी पाणी मागायची तऱ्हा.

वहिनींच्या घरचं विरजण भांड्यात नसायचं, साखळीत असायचं. एकाच लाकडातून कोरलेली, कड्यात कडी अडकवलेली साखळी, वहिनींच्या सासूच्याही सासूच्या वेळची. काढा फसफसला की ती त्यात सोडायची, फेस कड्याकड्यांत भरला की काढून चुलीवरच्या खुंटीला टांगायची. फेस तिथेच वाळायचा आणि विरजण साखळीत झोपून राहायचं, थेट पुढच्या थंडीपर्यंत. कोमट काढ्यात सोडली की परत जागी. इतक्या वर्षांचे थर बसून ती काळीकुट्ट झाली होती. उन्हाळ्यात बाकी कुणाचंच विरजण टिकत नसे, म्हणून हंगाम सुरू झाला की सारं खोरं वहिनींच्या दाराशी.

मागायची एक रीत होती. ज्याला हवं त्याने स्वतः यायचं, दुसऱ्याला धाडायचं नाही. भांडं उघड हातात धरायचं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याला इथे काही मिळत नसे. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणायचं, "घरचं गेलं, तुमचं द्या." देणाऱ्याने नाही म्हणायचं नाही आणि मोबदलाही घ्यायचा नाही. तयार झालेल्या बिअरचा पहिला तांब्या तेवढा त्या घरी पोचवायचा. "विरजण निरोपाने येत नाही, पायांनी येतं," असं सासूबाई म्हणायच्या.

सासूबाईंचं आणखी एक म्हणणं होतं. "विरजणाला दोन घरं हवीत." म्हणून दोन्ही मुलं वेगळी निघाली तेव्हा त्यांनी साखळी बरोबर मधोमध तोडली, अर्धी थोरल्याला, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याला दिली, अर्धी धाकट्याला. धाकटे भाऊजी पुढे कंपनीत टाक्या सांभाळायला लागले. थोरल्याला ते फार लागलं. "आपलं कसब नेऊन त्यांच्या दावणीला बांधलंस," असं तो म्हणाला. तरी भाऊ ते भाऊ, भांडायचे आणि एका बाकावर बसून प्यायचे. मग थोरला अचानक गेला. धाकटे भाऊजी आले ते सगळं उरकल्यावर, अंगावर कंपनीचा निळा डगला तसाच. वहिनींनी त्या डगल्याकडे पाहिलं आणि दार लोटलं. ते लोटलेलं दार तसंच राहिलं.

तर, जुळ्यांच्या वर्षी सरकारचं मन वळलं. ते आपोआप वळलं नव्हतं. मास्तरीणबाईंनी त्यासाठी चपला झिजवल्या होत्या. ज्या कचेरीत "पुढच्या आठवड्यात या" म्हणाले तिथे त्या पुढच्या आठवड्यात खरंच जायच्या. शेवटी शिपायाने त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवली. इकडे बंद पडलेली दूध डेअरी सगळ्यांनी मिळून साफ केली. वेल्डरने दुधाची जुनी टाकी कापून, जोडून, तिला खाली तोटी आणि वर झाकण बसवलं. पाववाल्याने जव भाजायला भट्टी दिली. गवंड्यांनी फरशीला असा उतार काढला की सांडलेलं पाणी न सांगता गटारात जाईल. एकेकाच्या घरात मावणारं काम सगळ्यांच्या छपराखाली आलं.

नव्या नियमाच्या अटी साध्या होत्या. जव खोऱ्यातले, विरजण खोऱ्यातलं, अवजारं स्वच्छ, आणि एक टाकी परवाना अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवायची. जमली तर सगळ्या खोऱ्याला परवाना. नाही जमली तर फाईल बंद, पुन्हा कधी तरी बघू. आणि सरकारचं "कधी तरी" म्हणजे काय, ते मास्तरीणबाईंच्या चपलांना विचारावं.

परवाना अधिकारी म्हणजे एक चष्मेवाल्या, शांत बाई होत्या. खोऱ्याने त्यांचं नाव परवानाबाई ठेवलं. त्या येण्याआधी आठवडाभर कंपनीच्या कुणीतरी बाजारात उठवलं होतं, "खोऱ्यातली बिअर? गोठ्यातली बिअर! तिथे पिंपात पाय धुतात." ते शब्द वहिनींच्या वर्मी बसले. ज्या घरात भांड्यात तोंड दिसतं, त्या घराला गोठा म्हणावं? वहिनींनी पदर खोचला आणि डेअरीत जे जे हलवता येईल ते ते उकळलं. डाव, चाळण्या, झाकणं, बादल्या. नियमातही लिहिलं होतंच, लाकडाची सगळी अवजारं उकळून घ्यावीत.

सगळं झाल्यावर त्यांची नजर साखळीवर गेली. पांढऱ्याशुभ्र टेबलावर काळी साखळी. धुतलेल्या ताटातल्या काजळीसारखी दिसत होती. वहिनींच्या मनात आलं, विरजण तर आत भेगांत असतं, वरचं काळं काढलं म्हणून त्याचं काय बिघडतंय? नुसती एकदा बुचकळते. बुचकळली तर काळं पाणी सुटलं. काळं पाणी बघून त्यांना राहवेना. परत बुचकळली, घासली, परत उकळली. शेवटी साखळी ताज्या लाकडासारखी पिवळीधमक निघाली.

"वहिनी, नवीन केलीत की काय?" वेल्डरने विचारलं.

"जुनीच आहे. हात लावणारा पाहिजे," वहिनी म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांच्यासारखी खूश बाई खोऱ्यात दुसरी नव्हती.

परवानाबाई आल्या. त्यांच्यासमोर जव मुरले, काढा निघाला, उकळला, निवला. वहिनींनी साखळी दोन्ही हातांनी टाकीत सोडली. परवानाबाईंनी सगळं निरखून पाहिलं, नीट प्रश्न विचारले, फरशीच्या उताराचं कौतुकही केलं. "परवा सकाळी फेस बघायला येते," म्हणाल्या आणि शेजारच्या शहरात आपल्या कामाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी शिडीवर चढल्या, झाकण उघडलं आणि पायरीवरच थिजल्या. एव्हाना कडेने पांढरी झालर यायला हवी, आत कुजबुज चालायला हवी. काढा डोळे मिटून पडला होता. ना बुडबुडा, ना वास. त्यांनी साखळी वर ओढून पाहिली. पिवळीधमक, स्वच्छ आणि मेलेली.

खाली वेल्डर, मास्तरीणबाई आणि पाववाला मान वर करून उभे होते.

"काय म्हणतंय?" पाववाल्याने विचारलं.

"काही म्हणत नाहीये. मी मारलं त्याला," वहिनी म्हणाल्या. "स्वच्छतेच्या भरात उकळून मारलं. कुणाला दोष देऊ नका, हे माझे हात."

वेल्डरने घसा खाकरला. "अहो, त्यात एवढं काय? शहरात विरजणाची पाकिटं मिळतात. दुपारपर्यंत आणून टाकतो. फेसावर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं?"

इतक्या वर्षांच्या खेपा मास्तरीणबाईंच्या डोळ्यांसमोर असणार. त्या हळूच म्हणाल्या, "वहिनी, कळणार तर कुणालाच नाही."

"मला कळेल की. विरजण खोऱ्यातलं, असं आपणच मागून घेतलं ना? पहिल्याच टाकीत खोटं घातलं तर पुढची सगळी बिअर त्याच खोट्याला लागलेली असेल. उद्या तो कंपनीवाला गोठा म्हणाला तर कुठल्या तोंडाने भांडू?"

वहिनी घरी आल्या. सून एका बाळाला मांडीवर आणि दुसऱ्याला पाळण्यात घेऊन बसली होती. सासूचा चेहरा पाहून तिने काय ते ओळखलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आई, एक बोलू? साखळीचा दुसरा अर्धा आहे ना."

"तो कधीच मेला असेल. कंपनीत टाक्या सांभाळणारा माणूस घरी कशाला गाळेल?"

"दरवर्षी थंडी पडली की काकांच्या खिडकीतून वास येतो. काढ्याचा. मला वाटलं तुम्हालाही येत असेल."

वहिनींना यायचाच. पण तो आपल्याच लुगड्याला लागलेला वास आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

"मी जाते मागायला," सून म्हणाली. "माझं आणि काकांचं काही वाकडं नाही."

"तू कशी जाशील? विरजण काय निरोपाने येतं?" वहिनी फटकन म्हणाल्या. आपल्याच तोंडून सासूबाई बोलल्या, हे लक्षात आल्यावर त्या उठल्या. फळीवरचं पितळी भांडं काढलं. पदराआड धरावंसं वाटलं, पण धरलं नाही. भर सकाळी, सगळी गल्ली दाराखिडक्यांत असताना, उघडं भांडं हातात घेऊन वहिनी धाकट्या दिराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. खोऱ्याला जन्मभर विरजण देणारी बाई पहिल्यांदाच मागायला निघाली होती.

भाऊजी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. ते छत्रीची काडी बसवत होते. दारात वहिनींना पाहून छत्री हातातच उघडली.

"घरचं गेलं," वहिनी म्हणाल्या. आवाज जरा चिरकला, म्हणून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "घरचं गेलं, तुमचं द्या."

भाऊजी छत्री मिटायची विसरले. "काय गेलं?"

"साखळी. उकळली."

"कुणी?"

"मी. घासून लख्ख केली."

भाऊजींच्या मिशा हलल्या. "आई असती तर..."

"आई असत्या तर त्याच पातेल्यात मला बुचकळलं असतं."

भाऊजी हसले. वहिनींनाही हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

"आत या," भाऊजी म्हणाले.

"बाहेर उभं राहायची रीत आहे."

"मग उभ्या राहा," असं म्हणून ते आत गेले.

उघड्या दारातून वहिनींना सगळं दिसत होतं. एकट्या माणसाची खोली, पण नीटनेटकी. स्टोव्हवर छोटं पातेलं, भिंतीला टांगलेला लांब काचेचा तापमापक, आणि खिडकीजवळच्या खुंटीला काळीकुट्ट साखळी.

"दरवर्षी करता?" वहिनींनी बाहेरूनच विचारलं.

"दर थंडीत, एक पातेलं. आई म्हणायची ना, दोन घरं हवीत. एक घर तुम्ही सांभाळत होतात, दुसरं कुणी सांभाळायचं?"

"आणि पिता कुणाबरोबर?"

"दोन पेले भरतो. एक दादाचा." भाऊजी साखळी उतरवत म्हणाले. "आता दोन्ही मलाच प्यावे लागतात. तो होता तेव्हा दोन्ही तोच प्यायचा."

हे अगदी खरं होतं. भाऊजी साखळी घेऊन उंबऱ्याशी आले. द्यायच्या आधी थांबले.

"दादा गेला त्या दिवशी मी टाकीच्या आत होतो, वहिनी. आत उतरून घासायची असते. वर झाकणाशी जो उभा होता त्याला निरोप आला, पण टाकी पुरी होईपर्यंत त्याने मला सांगितलाच नाही. बाहेर आलो तसा पळत सुटलो. डगला बदलायचं भान कुणाला होतं?"

"मी विचारलंच नाही."

"मीही सांगितलं नाही. तुमचं तोंड बघून हिंमतच झाली नाही."

"तोंड अजून तसंच आहे माझं."

"ते दिसतंय," भाऊजी म्हणाले आणि साखळी वहिनींच्या भांड्यात सोडली. मग चपला पायात सरकवल्या. "चला. वर्षभर झोपलेली आहे, हाक मारून उठवावी लागेल. तुम्हा लोकांच्या घाईने ती उठायची नाही."

गल्लीने त्या दिवशी जे पाहिलं ते बरेच दिवस चघळलं. पुढे वहिनी, हातात भांडं. मागे भाऊजी, काखेत तापमापक. डेअरीच्या दारात वेल्डरने त्यांना पाहिलं आणि तो म्हणाला, "या, कंपनी आली का?"

"आली," भाऊजी म्हणाले. "टाकी कुणी जोडली ही?"

"मी. का?"

"जोड सुरेख आहे. आमच्याकडे एवढा सफाईदार नव्हता." वेल्डरची जीभ तिथेच जागेवर बसली.

काढ्याने अजून आंबट वास धरला नव्हता. भाऊजींनी त्याला परत एक कढ आणायला लावला. तोवर साखळी कोमट काढ्याच्या पातेल्यात पडून होती. भाऊजी तापमापक बघायचे, वहिनी बोट बुडवायच्या, आणि दोघांचं "आता" एकाच वेळी यायचं. दुपार कलली तेव्हा पातेल्यात एक बुडबुडा आला, मग दुसरा. संध्याकाळी टाकीत विरजण पडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर आत फुलकोबीच्या शेतासारखा फेस.

परवानाबाई शिडीवर चढल्या, वाकून पाहिलं, वास घेतला. "छान," म्हणाल्या. "फारच छान."

खाली वेल्डरने वहिनींच्या पायावर पाय ठेवला. अर्थ उघड होता, आता तोंड उघडू नका. वहिनींनी पाय सोडवून घेतला.

"बाई, हे तुम्ही पाहिलेलं विरजण नव्हे," त्या म्हणाल्या. "ते मेलं. मी साखळी उकळली होती. हे माझ्या दिराच्या घरचं. आहे खोऱ्यातलंच, एकाच साखळीचा अर्धा. पण काढ्याला परत कढ आणला आणि विरजण घातलं, ते तुमच्या माघारी."

परवानाबाई शिडीवरून खाली उतरल्या. चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"मग ही टाकी मला धरता येणार नाही," त्या म्हणाल्या. "डोळ्यांदेखत अशी अट आहे. आज तुमच्यासाठी सोडली तर उद्या दुसऱ्या कुणासाठी सोडावी लागेल."

मास्तरीणबाई मटकन बाकावर बसल्या. पाववाल्याने टोपी काढून हातात घेतली. वेल्डर छताकडे बघत म्हणाला, "झालं. हत्ती गेला, शेपूट राहिलं." वहिनींना वाटलं, सारं खोरं आपल्या एका जिभेपायी बुडालं. पण ती जीभ परत आत घ्यावी, असं मात्र वाटलं नाही.

"मी नाही म्हटलेलं नाही," परवानाबाई म्हणाल्या. "पुन्हा करा. माझ्यासमोर. मी उद्यापर्यंत थांबते, राहायला जागा द्या म्हणजे झालं."

"जागा माझ्या घरी," मास्तरीणबाई ताडकन उठल्या. "पण जव? डेअरीतले सगळे या टाकीत गेले. मोड आणायला आठवडा लागतो."

मग पाववाला टोपी घालत म्हणाला, "माझ्या घरी आहेत वाळवलेले. आमच्या पहिल्या पिंपाचे." आणि तो गेलाच.

त्याच्यामागे एकेक जण उठला. प्रत्येकाच्या घरी आपल्या थंडीच्या पहिल्या बिअरसाठी मोड आणून वाळवलेले जव ठेवलेले होते. ते जव म्हणजे त्या घरची वर्षाची मजा, पाहुण्यांपुढे मान. घटकाभरात डेअरीच्या दाराशी माणसं यायला लागली. कुणाच्या डोक्यावर पोतं, कुणाच्या हातात डबा, एका म्हातारबुवांनी उशीच्या अभ्र्यात भरून आणले. वहिनींची सून आली ती जुळ्यांच्या गाडीत जव घालून. बाळं तिने आणि नवऱ्याने कडेवर घेतली होती. कुणी मोजलं नाही, कुणी कुणाचं वेगळं ठेवलं नाही. सगळ्यांचे जव एकाच भरड्यात पडले. त्या वर्षी खोऱ्यात कुणाच्याच घरी पहिलं पिंप झालं नाही, आणि त्याचं वाईट वाटलेलं माणूस अजून सापडलेलं नाही.

परवानाबाई बाही दुमडून उभ्या होत्या. मध्ये एकदा त्यांनी डावही धरला. काढा निवला तेव्हा वहिनींनी साखळी उचलली, आणि मग थांबल्या.

"भाऊजी, एक टोक धरा."

"मी कंपनीवाला," भाऊजी म्हणाले.

"कंपनीवाले असाल तिकडे. इथे दीर आहात. धरा."

दोघांनी मिळून साखळी आत सोडली. सकाळी झाकण उघडलं तेव्हा फेस बघायला आत जागा नव्हती, इतकी माणसं शिडीभोवती जमली होती. परवानाबाईंनी फेस पाहिला आणि खाली बघून नुसती मान डोलावली. खोऱ्याला परवाना मिळाला. मास्तरीणबाई रडल्या. "धूर गेला डोळ्यात," म्हणाल्या. चूल विझून बराच वेळ झाला होता, पण कुणी तसं म्हटलं नाही.

जाण्याआधी परवानाबाईंनी वहिनींना बाजूला घेतलं. "सगळं लाकूड उकळा, असं नियमात मीच लिहिलं होतं. डाव, चाळण्या यांना ते बरोबर आहे. विरजण माझ्या डोक्यात आलं नाही."

"तुमच्या डोक्यात नाही आलं ते ठीक," वहिनी म्हणाल्या. "माझ्या डोक्यात जन्मभर होतं आणि ऐन वेळी गेलं. अति तिथे माती."

पुढच्या वर्षी नियम सुधारून आला. त्यात विरजण अवजारांतून वगळलं होतं. आणि एक नवीन कलमही होतं, ते खोऱ्याने मागितलं आणि सरकारने दिलं: परवाना घेणाऱ्या प्रत्येक भट्टीचं विरजण निदान दोन घरी राखलेलं असावं. शेजारच्या खोऱ्यांनीही मग तोच नियम उचलला. सासूबाई कधी कचेरीची पायरी चढल्या नव्हत्या, पण त्यांचं बोलणं कायद्यात गेलं. वहिनी ते कलम येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडपाठ म्हणून दाखवायच्या, "आमच्या सासूबाईंचं," म्हणून.

आणि मग हळूहळू दारं उघडत गेली. आधी पाववाल्याने पावाच्या दुकानाशेजारी तोटी बसवली. म्हातारबुवांच्या नातीने गडद बिअर काढली, ती प्यायला लोक नदी ओलांडून यायला लागले. पडीक पट्ट्यांत पुन्हा जव डोलायला लागले. वेल्डरकडे टाक्यांची एवढी कामं आली की त्याने फाटकावरची पोरं हाताखाली घेतली. ती आता दुसऱ्यांना टाक्या करून देतात. डेअरी कुणा एकाची झाली नाही. ज्याला सुरुवात करायची असेल त्याने पहिल्या हंगामात तिथेच करायची, उभं राहता आलं की आपली भट्टी टाकायची आणि जागा पुढच्याला द्यायची. कंपनीनेही एकदा विरजण मागितलं. माणूस मोटारीतून आला, साहेबांचा निरोप घेऊन. वहिनींनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "साहेबांना स्वतः यायला सांगा. आणि भांडं आणायला." साहेब काही आले नाहीत. आले असते तर वहिनींनी दिलं असतं, रीत ती रीत.

भाऊजी रोज सकाळी तापमापक काखेत मारून डेअरीत यायचे. पिवळी पडलेली अर्धी साखळी वहिनींनी फेकली नाही. भाऊजींच्या साखळीबरोबर ती नव्या फेसात बुडवली, वाळवली, आणि दोन-तीन हंगामांत ती पुन्हा काळी व्हायला लागली. मग ती पूर्वीसारखी वहिनींच्या चुलीवर टांगली गेली, आणि दुसरी भाऊजींच्या खिडकीशी. थंडीचं पहिलं पिंप उघडलं की बाकावर तीन पेले भरले जायचे. तिसऱ्यावरून दोघांचं भांडण व्हायचं आणि दर वेळी वहिनीच जिंकायच्या.

जुळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, थंडी सरता सरता, धाकटे भाऊजी गेले. त्यांच्या खुंटीवरची साखळी तेव्हापासून मास्तरीणबाईंच्या घरी आहे. वहिनी त्यांच्यानंतर बरीच वर्षं होत्या. जुळ्यांनी डेअरीत आपली पहिली टाकी लावली, त्या वर्षी जवाच्या कापणीच्या दिवसांत, एका सकाळी वहिनी वारल्या.